उभ्या गाडीचा खर्च

जुनी गाडी घेताना आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात : कितव्या हाताची आणि किती चाललेली? त्यात ‘डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली’ असं कानावर पडलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलंच असतं. इंग्लंडमध्ये आम्ही जुन्या मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, बघायला लागलो तेव्हा हीच कसोटी घेऊन निघालो होतो. मिळालेली गाडीही तशीच होती : निवृत्त जोडप्याची, पंधराएक वर्षांची आणि वयाच्या मानाने अगदी थोडी चाललेली. पहिल्या वर्षात तिच्यावर जो खर्च झाला, त्यात चालून झिजलेला भाग एकही नव्हता. टायर तडकलेले, मागचे ब्रेक गंजून जाम झालेले, बॅटरी मेलेली, छतावरच्या झरोक्याचं सील वाळून भेगाळलेलं. मोटरहोम रस्त्यावर कमी आणि दारात उभी राहून जास्त बिघडते. हे एकदा डोक्यात बसलं, की ती घ्यायची कशी आणि सांभाळायची कशी, दोन्ही कळत जातं.

मैलांचा आकडा म्हणूनच जरा वेगळ्या नजरेने बघायचा. इथे तीन वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी एमओटी ही तपासणी सक्तीची आहे. गाडीचा नंबर टाकला की मागच्या तपासण्यांचे निकाल आणि त्या-त्या वेळचे मैल सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दोन तपासण्यांच्या मध्ये वर्षानुवर्षं शे-दीडशे मैलच पडलेले दिसले, तर गाडी जवळपास तपासणीपुरतीच बाहेर पडत होती असं समजा. वर्षाला तीन-चार हजार मैल चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी तिच्यापेक्षा बरी. टायमिंग बेल्ट बदलायला मैल आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात, जी आधी संपेल ती धरायची. कमी चाललेल्या गाडीत वर्षं आधी संपतात आणि मालकाच्या ते गावीही नसतं. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. नसेल तर तो बदललेला नाही असं धरूनच किमतीचं बोला.

इंजिनाची बाजू त्यातल्या त्यात सोपी. इथल्या कितीतरी मोटरहोम फियाट डुकाटो, प्यूजो बॉक्सर अशा मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्ही मिळतात. खरी गोम आहे ती वर बांधलेल्या घरात. एमओटीवाला ब्रेक, दिवे, टायर, खालचा गंज बघतो. भिंतीत पाणी मुरलंय का, गॅसची नळी कुजलीय का, हे तो बघत नाही. त्यासाठी ‘हॅबिटेशन चेक’ नावाची वेगळी तपासणी असते. कायद्याने ती सक्तीची नाही, म्हणूनच अनेक जुन्या गाड्यांची ती वर्षानुवर्षं झालेली नसते. गाडी घेण्याआधी ती आपल्या माणसाकडून, आपल्या पैशाने करून घ्यावी.

जुन्या मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर अॅल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, आत पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्या. पाणी पत्र्यातून येत नाही, सांध्यांतून येतं : झरोके, खिडक्यांच्या कडा, छत आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ. कोकणातल्या कौलारू घराची दर पावसाळ्याआधी शाकारणी होते, तसे हे सांधे दरवर्षी बघावे लागतात. इंग्लंडच्या पावसाला ठरलेला महिना नसल्यामुळे ते काम पुढे ढकललं जातं. ओलावा मोजायला दोन सुयांचा मीटर मिळतो. १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, २० पर्यंत लक्ष ठेवायचं, त्यावर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायचं. ३० च्या पुढे गेलं तर आतलं लाकूड कुजू लागलेलं असण्याची शक्यता मोठी. ती दुरुस्ती हजारो पौंडांत जाते आणि कधीकधी गाडीच्या किमतीलाही भारी पडते.

आमच्या गाडीत हा आकडा मागच्या कोपऱ्यातल्या वरच्या कपाटाच्या आत वाढलेला निघाला. गाडी बघायला गेलो तेव्हा तीच कपाटं उशा-पांघरुणांनी गच्च भरलेली होती. मालकाच्या मनात काही असेलच असं नाही. पण तुम्ही मात्र कपाटं रिकामी करायला सांगा, गाद्या उचला, कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून बघा. प्लाय मऊ लागलं तर बोलणी तिथेच थांबवा. आत शिरताच अत्तरासारखा वास आला तर तो कशासाठी मारलाय, हेही विचारा. जमल्यास पाऊस पडून गेल्यावरच गाडी बघायला जा.

आपल्या स्वयंपाकाचाही यात वाटा असतो. एवढ्याशा बंद जागेत कुकरच्या चार शिट्ट्या आणि भाताची वाफ झाली, की रात्री थंड भिंतींवरून पाणी ओघळतं. थंडी कितीही असो, शिजवताना झरोका उघडा हवा. जमिनीला किंवा गॅसच्या कप्प्याच्या तळाला ठेवलेली भोकं मात्र थंडी येते म्हणून कधीही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो त्याच भोकांतून बाहेर पडतो. हिवाळ्यात सिलिंडर प्रोपेनचाच घ्या. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो का हे बघाच, पण त्याच्या मागे छापलेली मुदतही बघा.

टायरची नक्षी बघून फसू नका. उभ्या गाडीची नक्षी कोरी राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा-सात वर्षं उलटली की बदलायची तयारी ठेवा, कारण या गाड्या कायम जवळपास पूर्ण वजन घेऊन उभ्या असतात.

वजन हा आपल्या लोकांसाठी खास मुद्दा. १ जानेवारी १९९७ नंतर इथे गाडीचा परवाना मिळालेल्याला साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच मोटरहोम चालवता येते, आणि आपल्यातले बहुतेक जण त्याच्या नंतरचे. अशा गाडीत माणसं आणि सामान मिळून बऱ्याचदा तीन-चारशे किलोच उरतात. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच संपले. मग सायकली, तंबू, तांदळाची गोणी आणि पाहुणे कुठे बसवणार? सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी घालून बघा. मर्यादा ओलांडली तर दंड होतो आणि विम्याचाही प्रश्न येतो.

सांभाळायचं म्हणजे मुख्यतः उभी असताना सांभाळायचं. महिन्यातून एकदा तिला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्या. दारात इंजिन चालू ठेवून भागत नाही, कारण ब्रेक आणि टायर जागचे हलत नाहीत. सपाट जागी, चाकांना ओट लावून, हँडब्रेक सोडून गाडी लावली तर मागचे ब्रेक जाम होत नाहीत. घरातल्या दिव्यांची लेड-अॅसिड बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. छोटं सोलर पॅनेल ते काम परस्पर करतं. फ्रीजचं दार किंचित उघडं ठेवा. गोठवणारी थंडी पडायच्या आत टाकी, बॉयलर आणि नळ्यांतलं पाणी काढून टाका आणि सगळे नळ उघडे ठेवा. पाणी गोठून नळी फुटते हिवाळ्यात, पण ते कळतं वसंतात, पहिल्यांदा टाकी भरल्यावर.

शेवटी पैशाचं. ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी शोधा. त्याआधी वर्षातले किती दिवस बाहेर पडाल ते प्रामाणिकपणे मोजा. उत्तर दोन आठवड्यांच्या आत आलं तर सरळ भाड्याने घ्या. उरलेले पन्नास आठवडे ती दुसऱ्याच्या दारात उभी राहील, आणि तो खर्च त्याचा.