तक्रार घरी पोचते तेव्हा

मंडळाच्या वाचनासाठी या वेळी 'तोत्तोचान' होतं. बहुतेकांनी कोबायाशी मुख्याध्यापकांवर लिहायचं ठरवलं. रेल्वेच्या डब्यांत भरणारी त्यांची तोमोई शाळा आहेच तशी. मी मात्र पहिल्या काही पानांतच अडकले. तिथे एक आई आहे, आणि ती वाचताना मला बालाघाटचं आमचं घर दिसत राहिलं.

प्रसंग आठवा. पहिलीतल्या मुलीच्या आईला बाईंनी शाळेत बोलावलंय. मुलगी डेस्कचं झाकण सारखं उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. वर्ग चालवणं अशक्य झालंय, म्हणून तिला शाळेतून काढलं जातं. बाई खोटं बोलत नाहीत, त्यांचा त्रास खराच आहे. आई सगळं ऐकून घेते आणि मुलीला विचारते एवढंच, की नव्या शाळेत जायचं का? आपल्याला काढून टाकलं होतं हे तेत्सुको कुरोयानागींना कळलं ते वयाची वीस वर्षं उलटल्यावर.

हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं. या प्रसंगात कुठल्या आजाराचं नाव नाही, आणि आपणही तोत्तोचानला लेबल लावायची गरज नाही. माझं लक्ष आईकडे आहे. शाळा आणि मूल यांच्यामध्ये ती उभी राहिली. आलेली तक्रार जशीच्या तशी पुढे गेली नाही.

आता आमच्या घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. त्याच्या शाळेच्या डायरीत शेरे इंग्रजीत यायचे. आई मराठी-हिंदी वाचते, म्हणून शेरा वाचून सांगायचं काम माझं. मीही मोठ्या तोऱ्यात, त्याच्यासमोरच, शब्दाला शब्द लावून सांगायचे: लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही, दुसऱ्यांना त्रास देतो, वह्या हरवतो. आजी म्हणायची, "दोन रट्टे द्या, सुधरते." एका संध्याकाळी तो दप्तर आवरता आवरता म्हणाला, "ताई, मी बेकार आहे ना?" डायरीत तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या भाषांतरातून त्याला तेच ऐकू आलं होतं.

पुढे गोंदियाला गाडी बदलून आईबाबा त्याला नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. निदान झालं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण, जोडीला अतिचंचलता आणि उतावीळपणा. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांना हे असतं. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली, आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी. म्हणूनच डॉक्टर घरच्यांना आणि शिक्षकांना इतकं विचारतात. हे लाडाने होत नाही, आईच्या चुकीनेही नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

मूल लहान असेल तर आधी पालकांनाच वागण्याच्या पद्धती शिकवतात. पुढे गरज पडली तर डॉक्टर औषधही देतात. आईने शिकलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. एका वेळी एकच सांगायचं. "आवर, दूध पी, दप्तर भर" असं नाही. नुसतं "दप्तर आण." आणलं की लगेच, "शाब्बास बाबू." अभ्यास दहा मिनिटं, मग अंगणात एक चक्कर. रविवारी मिस्साला आम्ही दाराजवळच्या बाकावर बसतो, आणि गाण्याची पुस्तकं वाटायचं काम त्याचं. पाय हलायचेच आहेत, तर कामासाठी हलू देत, असं आईचं म्हणणं.

यालाच मी चांगलं भाषांतर म्हणते. 'जागेवर बसत नाही' याचा अर्थ 'याला हालचालीचं काम द्या' असा लावायचा. 'वह्या हरवतो' म्हणजे 'वह्यांची जागा एकच ठरवा.'

पण भाषांतर म्हणजे लपवाछपवी नव्हे. तोत्तोचानची आई तक्रार विसरली नाही, तिने दुसरी शाळा शोधली. आमच्याकडे शाळा बदलणं सोपं नाही. म्हणून आई वर्गशिक्षिकेला भेटली, निदान सांगितलं, पुढच्या बाकाची विनंती केली. कायद्याचा आधारही अजून तोकडा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचं वेगळं नाव नाही. सरकारच्या २०१३च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत मात्र ते आहे. म्हणजे पालकांना जिल्हा रुग्णालयात विचारायला जागा आहे.

आपण भाषेचे विद्यार्थी. शब्दाला शब्द ठेवणं म्हणजे भाषांतर नव्हे, हे वर्गात शिकतो. मी ते घरी विसरले होते. हल्ली सुट्टीत गेले की डायरी आधी एकटी वाचते. आईला सगळं सांगते, काही गाळत नाही. मग भावाला काय सांगायचं आणि कसं, ते आम्ही दोघी मिळून ठरवतो.

तुमच्या घरात, शेजारात असं एखादं मूल असेल, तर त्याच्याबद्दलचे शेरे त्याच्यापर्यंत कोण पोचवतं आणि कोणत्या शब्दांत, हे एकदा कान देऊन ऐका.