गोळ्यांसोबत गुडमार चालेल का?

प्रश्न : बाबा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. महिनाभरापासून गुडमारचं चूर्ण आणि कारल्याचा रसही सुरू केलाय. दुपारी त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : गोळ्या परस्पर बंद करू नका. चूर्ण आणि रस मात्र आजच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. ही लक्षणं साखर फार उतरल्याची असू शकतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. गुडमार आणि कारलंही साखर उतरवू शकतात. त्यात जेवायला उशीर झाला, की धोका वाढतो. असा त्रास होताच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

कारल्याची भाजी जेवणात खुशाल असू द्या. चूर्णाच्या पुडीवर घटक आणि परवाना क्रमांक नसेल, तर ती घेऊच नका. अशा काही चूर्णांत शिसं, पारा, अगदी ॲलोपॅथीची औषधंही मिसळलेली आढळली आहेत. वैद्यांचा सल्ला जरूर घ्या, पण दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं दाखवा.