बेल ग्लेड : खचत्या मातीवरील शहर

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ओकीचोबी सरोवराकाठी बेल ग्लेड हे ऊस पिकविणारे छोटे शहर आहे. ‘मातीच हिचे भाग्य’ अशा अर्थाचे त्याचे बोधवाक्य. ही काळी माती आपल्या रेगूरप्रमाणे खडकाची झीज होऊन झालेली नव्हे. दलदलीतील गवत हजारो वर्षे पाण्याखाली साचून ती बनली. कालवे खणून पाणी काढताच तिला हवा लागली व जीवाणू तिला खाऊ लागले. १९२४ साली येथील संशोधन केंद्रात खडकापर्यंत पुरलेला नऊ फुटी खांब आज सहा फुटांहून अधिक उघडा पडला आहे. शेती चालू राहते ती अशी, मातीच्या मुद्दलावर!

१६ सप्टेंबर १९२८ च्या रात्री चक्रीवादळात सरोवराचा मातीचा बांध फुटला. किमान अडीच हजार माणसे गेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. वेस्ट पाम बीच येथे गोऱ्यांना शवपेट्या मिळाल्या, तर ६७४ कृष्णवर्णीयांना एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. त्या जागेवर कित्येक दशके साधी खूणही नव्हती. मरणातही रंगभेद सुटला नाही.

नंतर सरकारने उंच बंधारा उभारला. मजुरांचे काय? १९६० साली एडवर्ड मरो यांनी दूरचित्रवाणीवरील माहितीपटात याच शहरातील पहाटेचा मजूरबाजार देशाला दाखविला.