दाराबाहेरच्या बाकावर

लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण एकमेकांना आजारपणातही साथ देण्याचे वचन देतो. त्या वेळी आजार फार दूरचा वाटतो. एके दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्या वचनाचा खरा अर्थ कळतो. आम्हा उभयतांवर ही वेळ स्तनाच्या कर्करोगाच्या रूपाने आली. त्यातून आम्ही जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

सत्य लपवू नये

आपल्याकडे घरची माणसे डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, "तिला काही सांगू नका, धीर सुटेल." आम्हीही हेच केले. आमच्यातला एक आत डॉक्टरांशी बोले आणि दुसरी बाहेर बाकावर बसे. आजारी मात्र बाहेर बसणारीच होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, शरीर माझं, आणि मीच दाराबाहेर?" त्या दिवसापासून आम्ही दोघे मिळून आत जाऊ लागलो. लपवाछपवी केली की दोघेही एकटे पडतात, कारण रुग्णाला सारे समजतेच.

निर्णय तिचा, सोबत आपली

लवकर सापडलेल्या स्तनाच्या कर्करोगात बहुतेकदा दोन मार्ग असतात: संपूर्ण स्तन काढणे, किंवा गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन घेणे. वीस वर्षे पाठपुरावा केलेले दोन मोठे अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्गांनी जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, असे त्यांत दिसले. म्हणून "काढूनच टाका, कटकट नको," असे पतीने परस्पर सांगून टाकू नये.

पतीने वही न्यावी आणि विचारावे: आजार कोणत्या टप्प्यात आहे? हार्मोन व हर-टू तपासणी काय सांगते? उपचार बरे करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? खर्च किती? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का? शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. त्यासाठी थोडे दिवस गेले तर सहसा बिघडत नाही. जडीबुटीच्या नादात महिने घालवणे मात्र घातक ठरते.

घरातली सेवा

केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटतात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला कळवावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. भेटायला येणाऱ्यांना नम्रपणे आवरावे. केस गळू लागले की उपदेश करू नये, जवळ बसावे. पतीनेही आपली भीती एखाद्या विश्वासू माणसाजवळ बोलावी. सगळे आतल्या आत गिळणारा माणूस फार काळ सेवा करू शकत नाही.

अभ्यंगाला उशीर नको

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग म्हणजे अखेरची तयारी, हा गैरसमज अजून गेलेला नाही. फादर घरी आले की शेजारी कुजबुजतात. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली या संस्काराच्या विधीत सुधारणा केली. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नसून गंभीर आजार असलेल्यांसाठी आहे आणि अशा आजारासाठी मोठी शस्त्रक्रिया होण्यापूर्वीही तो घेता येतो. आम्ही तो शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी घेतला. भीती संपली नाही, पण ती दोघांत वाटली गेली.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्यापैकी कोणी गंभीर आजारी पडले, तर त्याला सारे खरे सांगावे असे त्याला वाटते का? आपण कधी विचारले आहे का?
२. आपल्या वाडीत आज कोणाच्या घरी उपचार चालू आहेत? सल्ला न देता एका दुपारचा डबा आपण पोहोचवू शकतो का?