छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी : माल भरण्याआधी काय पारखावे?

कपड्याच्या दुकानात बाबागाडीचे काय काम, असे कोणीही विचारील. पण झबली, दुपटी आणि लहान मुलांचे तयार कपडे विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक आता बाबागाडीही मागू लागले आहे. मागणी मोठ्या, पाळण्यासारख्या गाडीची नसते. मिटली की छत्रीसारखी काठी होते आणि खांद्याला अडकवून जिना चढता येतो, त्या हलक्या गाडीची असते. आमच्या ओळखीच्या एका ठोक व्यापाऱ्याने आम्हाला वीस गाड्या एकदम घेण्याचा आग्रह केला. "चाचा, डोळे मिटून घ्या, हातोहात जातील." डोळे मिटून आम्ही कधी चादरीचा गठ्ठाही घेतलेला नाही. आम्ही तीन वेगवेगळ्या गाड्या नमुन्याला मागवल्या, एक निळी, एक राखाडी, एक लाल, आणि आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत त्या तपासल्या. त्या तपासणीतून जे हाती आले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत. घरच्या नातवंडासाठी एकच गाडी घेणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल.

ही गाडी मुळात कोठून आली ते थोडक्यात सांगणे जरूर आहे, कारण तिचा गुण आणि तिचा धोका दोन्ही तिच्या रचनेतच आहेत. ओवेन मॅक्लॅरन नावाचे इंग्लंडमधले विमानांचे इंजिनियर होते. विमानाची चाके आत मिटवून घेण्याची यंत्रणा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी १९६५ साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अशी गाडी बनवली जी रुंदीतही मिटते आणि लांबीतही मिटते. वजन सुमारे सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. १९६७ पासून ती बाजारात आली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या छत्री-गाड्यांचा सांगाडा थोड्याफार फरकाने तोच आहे : मागे आणि खाली कातरीसारख्या आडव्यातिडव्या नळ्या, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, आणि वर छत्रीच्या मुठीसारखे दोन दांडे.

जेथे कातर आहे तेथे कापणे आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच मॅक्लॅरन कंपनीला अमेरिकेत १९९९ पासून विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांबाबत जाहीर सूचना काढावी लागली. गाडी उघडताना किंवा मिटताना मुलाने बाजूच्या बिजागरीत बोट घातले आणि बोटाचे टोक तुटले, अशा बारा घटनांची तेथे नोंद झाली होती. कंपनीने बिजागरीवर बसवायची आवरणे फुकट वाटली. एवढ्या जुन्या, नावाजलेल्या कंपनीच्या मालात हे होऊ शकते, तर ज्याच्या खोक्यावर बनवणाऱ्याचे नावही नाही त्या मालाकडे किती बारकाईने पाहावे हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून आमची पहिली तपासणी बिजागरीची. मुलाच्या बोटाएवढी गाजराची फोड घ्यावी, गाडी अर्धी उघडी असताना सांध्याच्या फटीत धरावी आणि गाडी पूर्ण उघडावी. निळ्या गाडीत फोडीचे सरळ दोन तुकडे झाले. लाल गाडीत ती चेचली गेली. राखाडी गाडीच्या सांध्यावर प्लॅस्टिकचे टोपण होते आणि फोड आत जायलाच जागा नव्हती. ही चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेची नाही, आमच्या दुकानाची आहे. पण निळी गाडी आम्ही त्याच क्षणी बाजूला ठेवली. ती सर्वांत स्वस्त होती आणि सर्वांत हलकीही.

दुसरी गोष्ट खटक्याची. गाडी उघडी असताना आपोआप मिटू नये म्हणून दोन स्वतंत्र खटके असावेत : एक पायाने दाबायचा मुख्य, आणि दुसरा बाजूचा आकडा, जो आधी सोडल्याशिवाय मुख्य खटका निरुपयोगी ठरतो. एकच खटका असलेली गाडी घेऊ नये. तो झिजला किंवा नीट बसला नाही, तर मूल आत असताना गाडी मिटू शकते. खटका बसल्याचा आवाज स्पष्ट आला पाहिजे. दाबून, सोडून, निदान पन्नास वेळा उघडमीट करून पाहावे. नव्या मालातली ढिलाई तेवढ्यात उघडी पडते.

आता वजन. जाहिरातीत वजनावरच सारा भर असतो. तराजूवर ठेवल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. कित्येकदा टप आणि खालची जाळी काढून ठेवून वजन सांगितलेले असते. आमच्या काट्यावर निळी ४ किलो ३०० ग्रॅम, राखाडी ५ किलो ८०० ग्रॅम आणि लाल ७ किलोच्या वर भरली. एका कडेवर मूल आणि खांद्याला गाडी घेऊन रेल्वेचा पूल चढणाऱ्या आईला चार आणि सात किलोतला फरक चांगलाच कळतो. पण हलकेपणा कशातून आला तेही पाहावे. ॲल्युमिनियमच्या नळीतून आला तर ठीक. पातळ पत्र्याच्या नळीतून, लहान चाकांतून आणि एका खटक्यातून आला असेल तर तो वजनातला फायदा नव्हे, मालातली काटछाट आहे. नळी लोखंडाची आहे की ॲल्युमिनियमची हे लोहचुंबकाने एका क्षणात समजते.

कापडाबाबत मात्र आम्ही थोडे सविस्तर लिहिणार, कारण तो आमचा धंदा आहे आणि दुकानदार नेमके तेथेच रंग पाहून फसतात. या गाड्यांचे आसन बहुधा पॉलिएस्टरचे असते, आतून लेप दिलेले. त्यावर ६०० डेनियर वगैरे लिहिलेले असते. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तेव्हा आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढेच सिद्ध होते. वीण विरळ असेल तर जाड धागासुद्धा सरकतो. आसन उजेडाकडे धरून पाहावे. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून जोराने ताणावे. शिवणीलगत ताणाबाणा सरकून फट दिसू लागली तर ते कापड भार सोसणार नाही, मग शिलाई कितीही पक्की असो. मुलाचे सगळे वजन कापडावर नसते, शिवणीवर असते.

रंगाची परीक्षा ओल्या पांढऱ्या सुती रुमालाने करावी. दहा-बारा वेळा घासल्यावर रुमाल रंगला तर तो रंग मुलाच्या तोंडातही जाणार, कारण या वयाचे मूल पट्टा आणि टपाची कड चघळल्याशिवाय राहत नाही. लाल गाडी येथे नापास झाली.

पट्ट्याची पट्टी कशाची आहे हे बहुतेक दुकानदार पाहतच नाहीत. नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन, तिन्ही हाताला सारख्याच वाटतात. पट्ट्याच्या शिल्लक टोकाचा लहान तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकून बोटाने दाबून सोडावा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर दुसरे दोन. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे आणि नवे असताना मजबूतही आहे, पण खास मसाला घातलेला नसेल तर उन्हात लवकर कुजते. गॅलरीत दोन उन्हाळे उभी राहिलेली गाडी तिसऱ्या मुलासाठी वापरायची तर हा फरक जिवाशी येतो. पट्टे पाच टोकांचे हवेत : दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला. पायांमधला पट्टा न लावल्यास मूल खाली घसरते आणि मान पट्ट्यात अडकण्याची भीती असते. आसनाला पट्टा जेथे जोडला आहे तेथे चौकोन करून त्यात फुली मारलेली शिलाई असावी, किंवा दाट टाक्यांची बंद शिलाई. नुसती एकेरी सरळ शिलाई चालणार नाही.

चाके लहान असणारच, त्याशिवाय गाडी मिटायची नाही. पुढची चाके वळणारी हवीत आणि खडबडीत जागी ती सरळ अडकवून ठेवण्याची सोय हवी. ब्रेक लावून, भार ठेवून, उतारावर उभी करावी. एवढे पुरे.

भार म्हणजे काय, तर दहा किलो तांदळाचे पोते आसनात ठेवून पट्टे आवळावेत आणि गाडी उंबऱ्यावरून, फरशीच्या सांध्यावरून, थोड्या खडीवरून ढकलावी. रिकामी गाडी दुकानात कोणतीही सुरेख चालते. याच वेळी दांड्याला भाजीची पिशवी अडकवून पोते काढून घ्यावे. हलकी गाडी चटकन मागे उलटते. मूल उचलताच नेमके हेच होते, आणि मूल आत असतानाही पिशवी जड असली की होऊ शकते. गिऱ्हाइकाला हे प्रत्यक्ष करून दाखवावे, सांगण्यापेक्षा दाखवलेले लक्षात राहते.

आता विकताना काय सांगायचे. ही गाडी तान्ह्या मुलाची नव्हे. बहुतेक छत्री-गाड्यांचे आसन पूर्ण आडवे होत नाही. ज्या मुलाला मान सावरून नीट बसता येत नाही त्याची मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. साधारण सहा महिन्यांनंतर, मूल बसू लागल्यावरच ती वापरावी आणि त्यातही बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेली वयाची अट पाहावी. छट्टी-बारशाच्या भेटीसाठी गाडी मागणारे गिऱ्हाईक आले तर आम्ही त्याला दुपटी दाखवतो. एक विक्री गेली तरी हरकत नाही. ऊन लागू नये म्हणून टपावरून ओढणी किंवा चादर टाकून गाडी झाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे. तसे करू नये. आत हवा कोंडते, उष्णता वाढते आणि आईला मूल दिसत नाही.

आणि जागाही विचारावी. भिवंडी-मालेगावच्या आतल्या गल्ल्या, उघडी गटारे, उखडलेली फरशी, तेथे या चाकांचा निभाव लागत नाही. तेथे कडेवरचे मूलच सुखी. इस्पितळ, स्टेशन, विमानतळ, मोठी दुकाने, आखातातून सुट्टीवर येणारे कुटुंब, येथे ही गाडी खरी उपयोगी. गिऱ्हाईक कोठे राहते हे विचारून माल दाखवला तर परत येणारा माल कमी होतो.

आता कागदपत्र. काही खोक्यांवर ईएन १८८८ असा युरोपच्या मानकाचा क्रमांक छापलेला असतो. २०१८ पासून या मानकाचे दोन भाग आहेत, १५ किलोपर्यंतच्या मुलासाठी एक आणि १५ ते २२ किलोसाठी दुसरा. तेव्हा कोणता भाग ते विचारावे. छापणे कोणालाही जमते. त्या मॉडेलच्या चाचणीचा अहवाल मागावा, त्यावर प्रयोगशाळेचे नाव आणि मॉडेलचा क्रमांक जुळतो का ते पाहावे. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचा देश आणि कमाल किंमत असणे २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे आवश्यक आहे. ते नसेल तर माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात सदोष मालाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि जुलै २०२० पासून ते अमलात आहे. माल बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर नुकसानीचा दावा विकणाऱ्यावर येऊ शकतो. "आम्ही फक्त विकले" हे उत्तर तेथे चालत नाही. विकणाऱ्याने मालात बदल केला आणि त्यातून इजा झाली, तरीही तो जबाबदार धरला जाऊ शकतो.

ही शेवटची गोष्ट आमच्या शिलाई करणाऱ्या बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावी. फाटलेला टप बदलणे, आसनावर धुता येईल असे सुती कव्हर शिवणे, पावसाळी प्लॅस्टिकचा पडदा करणे, हे काम मिळण्यासारखे आहे आणि त्यात धोका नाही. पट्टा आणि त्याचा जोड मात्र मूळ बनवणाऱ्याकडूनच बदलून घ्यायला सांगावे. कव्हर शिवताना पट्ट्यांची पाचही भोके मूळ जागी ठेवावीत. भोक दोन बोटे सरकले की पट्टा मुलाच्या खांद्यावरून निसटतो.

आमच्या तीन गाड्यांपैकी राखाडी आम्ही घेतली, पण वीस नव्हे, चार. तिच्यात चाचणीचा अहवाल मिळाला आणि सुटी चाकेही मिळतात असे कळले. ठोक व्यापाऱ्याला ते फारसे रुचले नाही. वीसवर मिळणारी सूट गेली आणि एका गाडीमागे नफा कमी राहिला हे खरे. पण चार गाड्यांत अडकलेले भांडवल सणाच्या मालाला आड येत नाही.

दुकानात ठेवताना खोक्यातून एक गाडी काढून उघडी ठेवावी. पावसात भिजलेली गाडी गिऱ्हाइकाने मिटवून कपाटात ठेवू नये, उघडी ठेवून सावलीत वाळवावी, हे बिल देतानाच सांगावे. लेप दिलेले कापड ओले मिटले की त्याला बुरशी येते, लोखंडी रिबिटा गंजतात, आणि गंजलेला सांधा पुढच्या वेळी अर्धाच उघडतो.