जुने ते सारेच सोने नव्हे

रद्दीवाला दारात येतो. माळ्यावरची जुनी पुस्तके आपण त्याच्या काट्यावर टाकतो. तो किलोच्या भावाने पैसे देतो आणि जातो. पण त्या गठ्ठ्यात जुने कॉमिक असेल तर? कॉमिक म्हणजे चित्रांतून गोष्ट सांगणारे पुस्तक. अशी काही पुस्तके हौशी लोक भारी किंमत देऊन घेतात. काहींना मात्र रद्दीचाच भाव येतो. असं का होतं, ते आज आपण पाहू.

आधी अमेरिकेतली एक हकिकत ऐका. तिथे १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. किंमत १० सेंट, म्हणजे एका डॉलरचा दहावा भाग. सुपरमॅन नावाचा वीर या अंकात पहिल्यांदा लोकांना भेटला. याच अंकाची एक प्रत २०१४ साली लिलावात ३२ लाख डॉलरना गेली!

एवढी किंमत कशाने आली? त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण : प्रती थोड्या उरल्या. पोरांनी अंक वाचला, चुरगाळला, फेकून दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली. घरोघरची रद्दी गोळा झाली. तिच्यात ढिगांनी कॉमिके गेली.

दुसरे कारण : घेणारे पुष्कळ. सुपरमॅन आजही लोकांना आवडतो. त्याची पहिली गोष्ट आपल्याकडे असावी, असे अनेकांना वाटते.

तिसरे कारण : प्रत चांगली राहिली. ती थंड हवेच्या डोंगराळ भागात, लाकडी पेटीत होती. पाने फारशी पिवळी पडली नव्हती. जाणकार लोक प्रत तपासून १० पैकी गुण देतात. या प्रतीला ९ गुण होते. २०१६ साली याच अंकाची साडेपाच गुणांची प्रत विकली गेली. तिला ९ लाख ५६ हजार डॉलर आले. अंक तोच, पण किंमत तिसऱ्या हिश्शाहूनही कमी!

आता उलटी गोष्ट पाहा. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला. पुढे मोठा भाव येईल, म्हणून लोकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती जपून ठेवल्या. पण अंक छापलाच होता ८० लाखांच्या वर! जो तो विकायला बसला, तर घेणार कोण? आजही तो अंक थोडक्या पैशांत मिळतो. म्हणजे नुसता ‘पहिला अंक’ असून भागत नाही. नुसते जुने असूनही भागत नाही.

आपल्याकडेही अशी पुस्तके जमवणारे लोक आहेत. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. वेताळाच्या गोष्टी त्यात मराठीतही येत. त्यांचे जुने अंक लोक आजही शोधतात. ‘अमर चित्र कथा’ १९६७ साली सुरू झाली. तिची पुस्तके मात्र पुन्हा पुन्हा छापली गेली. म्हणून आपली प्रत पहिल्या छपाईची की नंतरची, हे आतल्या पानावर नीट वाचावे.

घरात जुने कॉमिक सापडले, तर काय करावं?

१. अंकाचा क्रमांक आणि साल वाचावे.
२. पाने मोजावीत. मुखपृष्ठ आहे का, पिना गंजल्या आहेत का, चित्र कापले आहे का, ते पाहावे.
३. फाटले असले तरी चिकटपट्टी लावू नये. तिने किंमत आणखी उतरते.
४. ऊन, ओल आणि वाळवी यांपासून जपावे.
५. विकणारा काय मागतो, यावर जाऊ नये. तसे पुस्तक खरोखर केवढ्याला विकले गेले, ते विचारावे.
६. दोन-तीन ठिकाणी भाव काढावा. दुकानदाराला ते पुढे नफ्याने विकायचे असते. म्हणून तो आपल्याला थोडे कमीच देणार. पण किती कमी, हे आपल्याला कळायला हवे.

साल, क्रमांक, छपाई, सारे पुस्तकावरच लिहिलेले असते. ज्याला वाचता येते, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.

सांगा पाहू :
१. एकाच अंकाच्या दोन प्रतींना वेगळी किंमत का आली?
२. १९९१ सालच्या अंकाला भाव का आला नाही?
३. तुमच्या घरातले सर्वांत जुने पुस्तक कोणते? त्यावरचे साल वाचून वहीत लिहा.