‘दोन इंच पाणी’ म्हणजे नेमके किती?

रेणापूर तालुक्यात कोठेही बोअर घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, “किती इंच पाणी लागले?” गाडीवाला सांगतो, “दोन इंच.” शेतकरी हाच शब्द घेऊन पंपाच्या दुकानात येतो. दुकानदार दोन इंची पाइप मोजून देतो, त्याला शोभेल अशी मोटार देतो आणि हंगाम संपायच्या आत तीच मोटार जळून वाइंडिंगवाल्या कारागिराकडे येते. मग शेतकरी दुकानदाराला दोष देतो, दुकानदार कारागिराला आणि कारागीर विजेला. आमच्या मते यातल्या पुष्कळ मोटारी ‘इंच’ या शब्दाने जाळलेल्या असतात.

गाडीवाल्याचा इंच पाइपाचा नव्हे. बोअरमधून उसळणारे पाणी चरातून काढून तो त्यापुढे एक पत्रा उभा करतो. पत्र्याला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी काटकोनी खाच असते. खाचेच्या टोकापासून पाणी जितके इंच उंच चढते, तितके इंच पाणी. आता मेख अशी की खाच वर रुंद होत जाते. त्यामुळे उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून अधिक होते. हिशेब करून पाहिला तर एक इंचाला सेकंदाला सुमारे ०.१४ लिटर, दोन इंचाला ०.८, तीन इंचाला २.२ आणि चार इंचाला ४.५ लिटर पाणी येते. म्हणजे अर्ध्या इंचाची थाप किंवा चूकही लहान नसते. दीड इंचाचे दोन इंच सांगितले की पाणी निम्म्याहून कमी असते.

मोटारीच्या पट्टीवर मात्र इंच नसतोच. तेथे कोणी मिनिटाला लिटर (एलपीएम) लिहितो, कोणी सेकंदाला लिटर (एलपीएस), कोणी तासाला घनमीटर. हे तिन्ही एकमेकांत बदलणे सोपे आहे. सेकंदाचे लिटर ६० ने गुणले की मिनिटाचे आणि ३,६०० ने गुणले की तासाचे होतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, तेव्हा सेकंदाला एक लिटर म्हणजे तासाला ३.६ घनमीटर. आपले ‘दोन इंच’ म्हणजे सेकंदाला ०.८, मिनिटाला ४८, तासाला सुमारे २,९०० लिटर किंवा २.९ घनमीटर. जुन्या पंपावर गॅलन दिसले तर माल कोठला ते आधी विचारावे. इंग्लंडचा गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा.

आता जळालेल्या मोटारीचा हिशेब करू. समजा, मोटार सेकंदाला ३ लिटर उपसणारी आहे आणि बोअर देतो ०.८. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात सुमारे साडेसहा लिटर पाणी मावते. मोटारीच्या वर दोनशे फूट पाणी उभे असेल तर साठा झाला १,३०० लिटर. दर सेकंदाला २.२ लिटर तुटीने तो दहा मिनिटांत संपतो. दहा मिनिटे पाइप भरून पाणी येते, गिऱ्हाईक खूश होते, कारागीर मजुरी घेऊन घरी जातो. मग पाणी तुटते, हवा येऊ लागते आणि पाण्यानेच थंड राहणारी मोटार कोरडी फिरू लागते. या बोअरला प्रत्यक्ष खोलीवर मिनिटाला चाळीसेक लिटर देणारी मोटार पुरे. ‘प्रत्यक्ष खोलीवर’ हे शब्द महत्त्वाचे. पट्टीवरचा मोठा आकडा कमी उंचीचा असतो; उंची वाढली की पाणी घटते.

ठिबकवाल्यांनाही हेच लागू. पाच फुटांवर नळी आणि अर्ध्या मीटरवर ड्रिपर धरले तर एका एकराला सुमारे ५,४०० ड्रिपर लागतात. प्रत्येकी तासाला ४ लिटर, म्हणजे एकूण २१,६०० लिटर. दोन इंची बोअर देतो २,९००. तेव्हा एकराचे सात-आठ भाग पाडून व्हॉल्व्ह बसवावेत किंवा पाणी आधी विहिरीत साठवून दुसऱ्या मोटारीने सोडावे. हे उसाच्या शेतकऱ्याला माल विकण्याआधी सांगितलेले बरे.

धरणाच्या बातम्यांत येणारा ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. आकडा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर २०१६ सालची लातूरची पाण्याची रेल्वे आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होते. पुढे पन्नास डब्यांच्या गाडीने एका खेपेत २५ लाख लिटर आणले. हे पाणी चोवीस तासांत वाटले तर सेकंदाला २९ लिटर होते. सारी गाडी मिळून जेमतेम एक क्युसेक!

सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात कमी देणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. तागडी आणि लिटरचे माप आपले बांधव जपतात. पाण्याच्या धारेचे मापही त्यातच मोडते, असे आम्हाला वाटते.

खात्री करायला दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरते. साठलेल्या पाण्याने फसू नये म्हणून व्हॉल्व्ह दाबून धार न तुटेल इतकीच ठेवावी, तासभर चालू द्यावी आणि मग ड्रम लावावा. २५० सेकंदांत भरला तर सेकंदाला ०.८ लिटर. तोच आकडा तारखेसह बिलावर लिहावा. तारीख यासाठी की पावसाळ्यानंतर मोजलेले पाणी वैशाखात तितके राहत नाही. मोजणी भाद्रपदातली असेल तर मोटार आणखी लहान घ्यावी किंवा उन्हाळ्यात पुन्हा ड्रम लावून पाहावा.